गोल्फमध्ये करिअर करायचंय : विद्यापीठाची पदवी घ्यावी की गोल्फ करिअर स्कूलला जावं?

अमेरिकेत गोल्फच्या क्षेत्रात काम करायचं म्हणून मी आधी १६ महिन्यांच्या गोल्फ करिअर स्कूलला (फक्त गोल्फचे व्यवसाय शिकवणाऱ्या खासगी शाळेला) गेले आणि त्यानंतर विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षाला बसले. दोन्हीकडे मनापासून शिकले, दोन्हीकडे चांगले शिक्षक भेटले. पण विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसमधली ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. माझी जुनी गुणपत्रिका टेबलावर होती आणि समोरच्या बाई पेन घेऊन एकेका विषयावर आडवी रेघ मारत होत्या. क्लब (गोल्फची काठी) दुरुस्ती, रेघ. स्विंगचं विश्लेषण, रेघ. स्पर्धा आयोजन, रेघ. शेवटी दोन विषय वाचले : व्यवसाय गणित आणि इंग्रजी लेखन. बाकी सगळे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) गेले, म्हणजे त्यांसाठी भरलेले पैसेही गेले.

आता कुणीही सल्ला विचारला की मी आधी एकच प्रश्न विचारते : हा शिक्षणाचा कागद पुढे कुणाला दाखवायचाय, आणि ते तो मानतात का? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहेत. त्या क्रमानेच घ्या. मी उलट्या क्रमाने घेतल्या आणि त्याची किंमत मोजली.

१. आधी काम ठरवा, कॉलेज नंतर

"गोल्फमध्ये काहीतरी करायचंय" एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. एकाच गोल्फ कोर्सवर, म्हणजे मैदानावर, चार-पाच वेगवेगळे व्यवसाय चालतात आणि प्रत्येकाचा शिक्षणाचा रस्ता वेगळा असतो.

क्लब प्रोफेशनल शिकवतो, स्पर्धा भरवतो, टी-टाइमचं (कुणी किती वाजता खेळ सुरू करायचा याचं) वेळापत्रक आणि प्रो-शॉप, म्हणजे क्लबवरचं गोल्फच्या सामानाचं दुकान, सांभाळतो. शनिवार-रविवार आणि सणवार हेच त्याचे गर्दीचे दिवस. क्लबचा जनरल मॅनेजर हॉटेल चालवणाऱ्याच्या जास्त जवळचा : कर्मचारी, रेस्टॉरंट, सभासदांची वर्गणी, अंदाजपत्रक. त्याला गोल्फ यायला हवं, पण हिशेब जास्त चांगला यायला हवा. क्लब फिटर, म्हणजे खेळाडूच्या मापाने काठी बसवून देणारा, आणि दुरुस्ती करणारा हा हातांचा कारागीर.

आणि सुपरिंटेंडंट, म्हणजे गवत आणि मैदान सांभाळणारा मुख्य माणूस. हे काम नवख्यांना दिसतच नाही, कारण खेळाडू येईपर्यंत ते बरंचसं उरकलेलं असतं. इंटर्नशिपमध्ये मी काही आठवडे या टीमबरोबर पहाटे जायचे. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, दव असतं, पावलांचे ठसे उमटतात. भोकाची जागा बदलायला कप कटर (भोक पाडायचं अवजार) जमिनीत सरळ उभा दाबून फिरवायचा, मातीचा गोल गाभा अख्खा बाहेर काढायचा आणि तोच जुन्या भोकात बसवायचा, तोही असा की गवताची पातळी आजूबाजूशी तंतोतंत जुळली पाहिजे. भोक सव्वाचार इंच रुंद आणि किमान चार इंच खोल, हा नियमच आहे. गाभा किंचित वर राहिला तर मशीन त्याचं डोकं सोलून काढतं, कारण ग्रीनवरचं गवत जेमतेम ३ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. माझा पहिला गाभा वर राहिला होता. सुपरिंटेंडंटने काही न बोलता तो काढला, बोटांनी तळाची माती कमी केली आणि परत बसवला.

हे काम तुम्हाला खुणावत असेल तर "गोल्फ मॅनेजमेंट"च्या मागे लागू नका. तुमचा विषय टर्फग्रास, म्हणजे मैदानी गवताचं शास्त्र. पेन स्टेट विद्यापीठात त्याची चार वर्षांची पदवीही आहे आणि दोन वर्षांचा प्रमाणपत्र कार्यक्रमही. रटगर्स विद्यापीठाची टर्फ स्कूल दहा-दहा आठवड्यांच्या दोन सत्रांत शिकवते आणि मधल्या हंगामात प्रत्यक्ष कोर्सवर काम करून घेते. या क्षेत्रात छोटा प्रमाणपत्र कार्यक्रम आणि भरपूर अनुभव यांना खरंच किंमत आहे, त्यामुळे इथे पदवीचा आग्रह मी धरणार नाही.

टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांमध्ये, खेळायचं स्वप्न असेल तर एवढंच : तिथे कुणी पदवी विचारत नाही, स्कोअरकार्ड विचारतात.

२. दोन पीजीएंमधला फरक समजून घ्या

इथे निम्मे लोक गोंधळतात. पीजीए म्हणजे प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन. टीव्हीवर दिसते ती पीजीए टूर. क्लबवर शिकवणाऱ्या आणि कोर्स चालवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना म्हणजे पीजीए ऑफ अमेरिका, तिची स्थापना १९१६ सालची. १९६८ मध्ये टूरवर खेळणारे खेळाडू त्यातून वेगळे झाले, तेव्हापासून या दोन स्वतंत्र संस्था आहेत. क्लब प्रोफेशनल व्हायचं असेल तर तुमचा संबंध दुसरीशी येतो. नोकरीच्या जाहिरातीत "पीजीए सदस्य" लिहिलेलं असतं ते हे सदस्यत्व.

तिथे पोचायचे दोन सरळ रस्ते आहेत.

पहिला, पीजीए ऑफ अमेरिकाने मान्यता दिलेला विद्यापीठाचा गोल्फ मॅनेजमेंट कार्यक्रम. अशी सुरुवात १९७५ मध्ये मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात झाली. पुढे मिसिसिपी स्टेट, पेन स्टेट, क्लेमसन, मेथडिस्ट वगैरे विद्यापीठं त्यात आली. साधारण साडेचार वर्षांचा अभ्यास आणि त्यात एकूण १६ महिन्यांची इंटर्नशिप असं याचं ठरलेलं स्वरूप. हातात पूर्ण पदवी येते आणि पीजीएचे टप्पे अभ्यासक्रमाबरोबरच पार पडतात. प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी १२ किंवा त्याहून कमी हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) लागतो. मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी बदलत असते, म्हणून अर्ज करण्याआधी ती पीजीएच्या अधिकृत संकेतस्थळावरच तपासा.

दुसरा रस्ता असोसिएट कार्यक्रमाचा. एखाद्या पात्र गोल्फ कोर्सवर नोकरी धरायची, पात्रता परीक्षा द्यायची, नोंदणी करायची आणि काम करता करता तीन स्तर पूर्ण करायचे. याला महागडं कॉलेज लागत नाही.

आता गोल्फ करिअर स्कूल यात कुठे बसते? हा प्रश्न मी प्रवेशाच्या वेळी विचारलाच नव्हता. अशा शाळेचा डिप्लोमा किंवा असोसिएट पदवी (पूर्ण पदवीपेक्षा छोटी पदवी) मिळाली म्हणून तुम्ही पीजीए सदस्य होत नाही. शाळा संपल्यावर तुम्हाला दुसऱ्या रस्त्याच्या सुरुवातीलाच उभं राहायचं असतं. शाळेत शिकलेलं तिथे नक्की उपयोगी पडतं, नोकरीही लवकर लागू शकते, पण रांग तीच. माहितीपत्रकात "पीजीए सदस्यत्वाची तयारी" असं वाचलंत तर "तयारी" या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा.

३. खेळाची परीक्षा आधी स्वतःच देऊन बघा

दोन्ही रस्त्यांवर प्लेइंग अ‍ॅबिलिटी टेस्ट, म्हणजे स्वतःच्या खेळाची परीक्षा, आहे. तिचा मूळ प्रकार असा : एका दिवसात ३६ होल. कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला त्या मैदानावर १८ होलसाठी साधारण किती फटके लागतील तो आकडा) दुप्पट करायचं, त्यात १५ मिळवायचे, तेवढ्या फटक्यांत दोन्ही फेऱ्या संपवायच्या. रेटिंग ७० असेल तर १४० अधिक १५, म्हणजे १५५. एक फेरी ७७ ची आणि दुसरी ७८ ची.

कागदावर हे सोपं दिसतं. मी पहिल्या प्रयत्नात आठ फटक्यांनी नापास झाले, आणि ते आठच्या आठ शेवटच्या नऊ होलमध्ये गेले. पहिल्या २७ होलनंतर पाय जड झाले होते, दोन फुटांवरून भोकात ढकलायचे फटके (पट) हुकत होते. तयारी करताना मी रोज १८ होल खेळत होते, सलग ३६ कधीच नाही. दुसऱ्या वेळी दोन महिने दर रविवारी ३६ खेळले आणि पास झाले.

फी भरण्याआधी हा हिशेब तुमच्या जवळच्या कोर्सवर, खऱ्या रेटिंगने, एकही फटका माफ न करता करून बघा. वीस-पंचवीस फटके जास्त येत असतील तर सहा महिने खेळावर घालवणं जास्त शहाणपणाचं. ही परीक्षा अडली की बाकी सगळं पूर्ण होऊनही सदस्यत्व अडून राहतं.

४. मान्यता तपासा आणि क्रेडिटचं लेखी घ्या

अमेरिकेत "आमची संस्था मान्यताप्राप्त आहे" हे वाक्य अर्धंच असतं. मान्यता कुणाची, ते विचारायचं. पूर्वापार दोन गट आहेत. बहुतेक विद्यापीठांना प्रादेशिक मान्यता संस्थांची मान्यता असते. व्यवसाय शिकवणाऱ्या बऱ्याच खासगी शाळांना राष्ट्रीय मान्यता संस्थांची. नावावरून "राष्ट्रीय" मोठं वाटतं आणि तिथेच फसगत होते, कारण क्रेडिट हस्तांतर करताना प्रादेशिक गटातली विद्यापीठं अनेकदा राष्ट्रीय गटातले क्रेडिट घेत नाहीत. कायद्याने ती बांधलेली नाहीत. कोणते क्रेडिट घ्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं.

माझ्या शाळेच्या प्रवेश अधिकाऱ्याने मला सांगितलं होतं, "क्रेडिट बहुतेक सगळीकडे चालतात." त्याने खोटं बोलायचं म्हणून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण ज्याला फी मिळणार आहे त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थच नव्हता. तो विचारायला हवा होता मला पुढे जायचं होतं त्या विद्यापीठाला.

तुम्ही असं करा. आज करिअर स्कूल आणि उद्या कदाचित पदवी, असा विचार असेल तर मनातली दोन-तीन विद्यापीठं निवडा. त्यांच्या हस्तांतर विभागाला ईमेल लिहा : अमुक संस्थेचे अमुक विषय, हा अभ्यासक्रम, यातले किती क्रेडिट तुम्ही स्वीकाराल? उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर नको. "केस पाहून ठरवू" असं उत्तर आलं तर शून्य समजून हिशेब मांडा. शाळा तुम्हाला एखाद्या विद्यापीठाशी झालेला करार दाखवत असेल तर करार स्वतः वाचा आणि त्याची मुदत बघा.

मधला एक पर्यायही आहे आणि तो मला आधी माहीत असता तर मी त्याचाच विचार केला असता : विद्यापीठाच्या आतच असलेला गोल्फ अभ्यासक्रम. फ्लोरिडातल्या कायझर विद्यापीठाचं कॉलेज ऑफ गोल्फ हे त्याचं उदाहरण. शिक्षण करिअर स्कूलसारखं हातांचं, पण कागद विद्यापीठाचा. सगळ्यांना तो परवडेल किंवा जमेल असं नाही, पण यादीत जरूर ठेवा.

५. शाळा मध्येच बंद पडली तर?

हे उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाही. १९७४ पासून चालत आलेली गोल्फ अकॅडमी ऑफ अमेरिका ही या प्रकारातली सगळ्यात परिचित नावांपैकी एक. तिच्या अनेक राज्यांत शाखा होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्या मालक कंपनीने आपल्या सगळ्या संस्था एकदम बंद केल्या, त्यात हीही गेली. सत्र अर्धवट राहिलेले विद्यार्थी रातोरात शाळेविना झाले.

विद्यापीठातला कार्यक्रमही बंद होऊ शकतो आणि झालेले आहेत. पण तेव्हा निदान विद्यापीठ जागेवर असतं, तुमचे क्रेडिट त्याच्या दप्तरात असतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळता येतं. एकाच विषयाची शाळा गेली की सगळंच जातं. अमेरिकन विद्यार्थ्याने सरकारी कर्ज घेतलं असेल आणि शाळा तो शिकत असताना बंद पडली तर ते माफ होण्याची तरतूद आहे. परदेशी विद्यार्थ्याला सरकारी कर्ज मिळतच नाही, त्यामुळे ही ढालही नाही.

म्हणून : सगळी फी एकदम भरू नका, सवलत मिळाली तरी. सत्रागणिक भरा. परताव्याचे नियम छापील घ्या. आणि प्रत्येक सत्र संपलं की अधिकृत गुणपत्रिका काढून स्वतःजवळ ठेवा.

६. व्हिसा : परदेशी विद्यार्थ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी

विद्यापीठासाठी एफ-१ व्हिसा असतो, व्यावसायिक शिक्षणासाठी एम-१. तुमची शाळा कोणत्या व्हिसासाठी आय-२० (व्हिसासाठी लागणारं शाळेचं प्रवेशपत्र) देते हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. माझा एम-१ होता.

एम-१ वर शिकत असताना नोकरी करता येत नाही. शिक्षण संपल्यावर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेता येतो, पण दर चार महिन्यांच्या अभ्यासामागे एक महिना आणि जास्तीत जास्त सहा. माझ्या १६ महिन्यांचे मला चार महिने मिळाले. चार महिन्यांत क्लबचा अर्धा हंगामही होत नाही. आणि मोठी अडचण ही की एम-१ वरून एफ-१ वर अमेरिकेत राहून बदल करता येत नाही. पदवी करायचं ठरल्यावर मला परत येऊन नवा आय-२०, नवी सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी), नवी मुलाखत, सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्यात एक वर्ष गेलं.

एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पहिलं शैक्षणिक वर्ष झालं की अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या इंटर्नशिपसाठी सीपीटी (शिकत असतानाच्या कामाची परवानगी) मिळते आणि पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (आपल्या विषयातल्या कामाची परवानगी). पण गोल्फ मॅनेजमेंटमध्ये इथे एक खड्डा आहे. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली तर त्या पदवीच्या पातळीवरची ओपीटी मिळत नाही, आणि या कार्यक्रमात इंटर्नशिप १६ महिन्यांची आहे. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात पहिल्याच सत्रात जाऊन बसा आणि तुमचे इंटर्नशिपचे महिने कसे मोजले जाणार ते कागदावर मांडून घ्या. चौथ्या वर्षी हे कळून काही उपयोग नाही.

७. खर्चाचा खरा हिशेब

१६ महिन्यांची फी साडेचार वर्षांच्या फीपेक्षा कमी दिसते, आणि बऱ्याचदा असतेही. पण सत्रागणिक पाहिलं तर करिअर स्कूल स्वस्त असेलच असं नाही. शिवाय विद्यापीठात शिष्यवृत्त्यांना जास्त वाव असतो. फीच्या पलीकडे क्लब, चेंडू, बूट, परीक्षेची फी आणि गाडी हे धरा. गाडी विसरू नका, कारण पहाटे साडेपाचला कोर्सवर पोचवणारी बस मला कधी मिळाली नाही. सराव आणि ग्रीन फी शिक्षणात धरलेली आहे का, तेही विचारा.

८. जाऊन बघा, आणि नेमके प्रश्न विचारा

करिअर स्कूल चांगली आहे की नाही हे तिची दुरुस्तीची खोली सांगते. माझ्या शाळेचं हे दालन उत्तम होतं. शाफ्ट (काठीचा दांडा) रबराच्या पकडीत धरून शिकंजात कसायचा, आकडीच्या पात्याने जुनी ग्रिप (हाताने धरायची मूठ) अंगापासून दूर कापायची, जुन्या टेपचा चिकटा खरवडायचा, नवी दुहेरी टेप लावायची, सॉल्व्हंट ओतायचं आणि ग्रिप एका दमात खालपर्यंत सरकवायची. थांबलात की ती तिथेच चिकटते. असे शेकडो क्लब हाताखालून गेल्यामुळे नंतर विद्यापीठातल्या मुलांना जे जमत नव्हतं ते मला सहज जमायचं. ही करिअर स्कूलची खरी ताकद आहे, आणि क्लब फिटिंग हेच तुमचं काम ठरलं असेल तर मी तुम्हाला डोळे झाकून तिकडे पाठवेन. फक्त शिकंजे किती आणि एका वर्गात विद्यार्थी किती, ते मोजा.

दोन्हीकडे विचारायचं ते एवढंच. मागच्या तुकडीत किती जणांनी सुरुवात केली, किती जणांनी पूर्ण केलं, आणि आज कोण कुठल्या पदावर आहे? "गोल्फ उद्योगात नोकरी" या आकड्यात कोर्सवरच्या गोल्फ गाड्या धुणारेही धरलेले असतात, म्हणून पद विचारा. तीन माजी विद्यार्थ्यांचे संपर्क मागा. आणि तुम्हाला ज्या प्रकारच्या क्लबवर काम करायचंय तिथल्या हेड प्रोफेशनलला दोन ओळींचा ईमेल करा : असिस्टंट घेताना तुम्ही काय बघता? मी पाच जणांना लिहिलं होतं, तिघांनी उत्तर दिलं, एकाने तर भेटायला बोलावलं. दुर्दैवाने तेव्हा माझी पहिली फी भरून झालेली होती.

कागदपत्रं आणि सामान

– दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि आधीचं उच्चशिक्षण असेल तर त्याचीही, इंग्रजी भाषांतर आणि विद्यापीठाने मागितल्यास मूल्यांकन अहवालासह
– अधिकृत हँडिकॅपचा पुरावा आणि गेल्या वर्षभरातली स्पर्धांची स्कोअरकार्डं
– इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल
– दोन शिफारसपत्रं, त्यातलं एक गोल्फ प्रशिक्षकाचं किंवा कोर्सवर हाताखाली काम केलेल्या माणसाचं
– पासपोर्ट, बँकेचे पुरावे, आय-२०, व्हिसाच्या अर्जाची पोच आणि ३५० डॉलरच्या सेव्हिस फीची पावती
– क्रेडिट हस्तांतराबाबत विद्यापीठांकडून आलेले ईमेल, छापून
– आधी कुठे शिकला असाल तर प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, नुसती नावं नव्हेत. माझे दोन विषय वाचले ते याच कागदांमुळे. शाळा सोडताना मी ते फक्त त्या दोन विषयांचे घेतले होते.